पोकळ पोलादी बीमवर एकाच जागी भार: भिंतीची ताकद कशी तपासायची

चौकोनी किंवा आयताकृती पोकळ सेक्शनचा बीम निवडताना बेंडिंग (वाकणं), शिअर (कातर) आणि डिफ्लेक्शन (झोल) हे तीन हिशेब सगळेच करतात. चौथा हिशेब मात्र बऱ्याचदा राहून जातो. बीमवर जिथे खांबाचा पाय, दुसरा बीम किंवा यंत्राचं बेस टेकतं, तिथल्या बाजूच्या भिंती तेवढा भार घेतात का? बेंडिंगमध्ये भरपूर राखीव ताकद असलेला बॉक्स पाइपही अशा एका जागी चेपू शकतो. वरचा फ्लँज, म्हणजे वरची आडवी भिंत, खाली बसतो, दोन्ही बाजू बाहेर फुगतात, सेक्शनची उंची घटते आणि उंची घटली की बेंडिंगची ताकदही जाते.

याच्याही पुढची चूक म्हणजे हिशेब केला, पण आय-सेक्शनच्या (इंग्रजी I आकाराच्या बीमच्या) सूत्राने केला. तो किती धोक्याचा ठरतो हे खालच्या उदाहरणात दिसेल. तिथे उत्तर तिपटीहून जास्त फुगतं.

कोपरा गोल असतो, सगळा फरक तिथेच पडतो

आय-सेक्शनमध्ये वेब (उभी भिंत) फ्लँजच्या बरोबर खाली असतं आणि भार सरळ त्याच्या मध्यरेषेतून उतरतो. पोकळ सेक्शनमध्ये दोन वेब दोन कडांना असतात, आणि फ्लँज व वेब यांच्यामध्ये वळवलेला कोपरा असतो. वर सपाट प्लेट ठेवली, तर ती फ्लँजच्या सपाट भागावरच टेकते. जिथे वळण सुरू होतं, तिथे तिचा स्पर्श संपतो.

भिंत ५ मिमी आणि कोपऱ्याची बाह्य त्रिज्या १२.५ मिमी घ्या. भार फ्लँजच्या सपाट भागाच्या कडेवर येतो, वेबची मध्यरेषा तिथून १२.५ − २.५ = १० मिमी बाहेर असते. भिंत ५ मिमीची आणि उत्केंद्रता (भाराची रेषा आणि वेबची मध्यरेषा यांतलं अंतर) १० मिमीची, म्हणजे जाडीच्या दुप्पट. त्यामुळे वेबवर नुसता दाब येत नाही. कोपरा फिरतो, वेबच्या वरच्या भागात मोमेंट (वाकवणारा जोर) तयार होतो आणि वेब बाहेर झुकतं. अखेरीस भिंतीत प्लॅस्टिक हिंज (पोलाद कायमचं वाकून बिजागरासारखं झालेली जागा) तयार होऊन ती दुमडते.

ऑस्ट्रेलियाच्या एएस ४१०० या मानकात पोकळ सेक्शनसाठी वेगळं कलम आहे. त्यामागे सिडनी विद्यापीठात झाओ आणि हँकॉक यांनी १९९० च्या दशकात केलेल्या चाचण्या आहेत. त्यातली सूत्रं ही उत्केंद्रता थेट हिशेबात घेतात, म्हणून इथे तीच वापरली आहेत.

आधी मोजमापं

हिशेबाला लागणारी मापं थोडी आहेत, पण प्रत्येक नीट घ्यावी लागते.

जाडी ही सगळ्यात नाजूक. उत्तर साधारण जाडीच्या वर्गाप्रमाणे बदलतं, कारण जाडी कमी झाली की क्षेत्रफळही घटतं आणि उत्केंद्रतेचं जाडीशी गुणोत्तरही बिघडतं. युरोपच्या ईएन १०२१९ मध्ये ५ मिमीपर्यंतच्या जाडीला १० टक्के कमी-जास्त चालतं. अमेरिकन पद्धतीत ए५०० दर्जाच्या पाइपसाठी डिझाइनची जाडी नाममात्र जाडीच्या ०.९३ पट धरतात. जुन्या बांधकामाची तपासणी असेल, तर अल्ट्रासॉनिक गेजने टेकणीच्या जागीच जाडी मोजा. पाणी साचणाऱ्या ठिकाणी गंज आतून लागतो आणि बाहेरचा रंग शाबूत दिसतो. दोन्ही बाजूंच्या भिंती वेगवेगळ्या मोजा आणि हिशेबात कमी असलेली घ्या.

बाह्य त्रिज्या कॅटलॉगमध्ये नसेल, तर मोजता येते. सरळ पट्टी फ्लँजवर आडवी ठेवा, पट्टी टेकलेल्या सपाट भागाची रुंदी मोजा, ती एकूण रुंदीतून वजा करा आणि दोनने भागा. थंड वळवलेल्या सेक्शनसाठी ईएन १०२१९ मध्ये ६ मिमीपर्यंतच्या जाडीला बाह्य त्रिज्या जाडीच्या १.६ ते २.४ पट असते. ऑस्ट्रेलियन सेक्शनमध्ये ३ मिमीच्या वरच्या जाडीला हिशेबासाठी २.५ पट धरतात. शंका असेल तेव्हा मोठी त्रिज्या धरा. इथे मोठी त्रिज्या म्हणजे कमी ताकद.

सपाट उंची म्हणजे एकूण उंचीतून दोन बाह्य त्रिज्या वजा करून उरलेली उंची. यील्ड ताण (ज्या ताणाला पोलाद कायमचं वाकू लागतं तो) मिलच्या प्रमाणपत्रावरून न घेता दर्जाच्या किमान मूल्यावरून घ्या.

शेवटचं माप ताठ बेअरिंग लांबीचं, म्हणजे बीमच्या लांबीच्या दिशेने भार खरोखर जितक्या लांबीवर टेकतो ती लांबी. इथे लोक प्लेटची पूर्ण लांबी धरतात, आणि ते चूक आहे. पातळ प्लेटच्या कडा भाराखाली वर उचलतात, त्या भार घेत नाहीत. भार प्लेटमधून ४५ अंशांनी पसरतो एवढंच धरायचं. भार देणारा पाय ६० मिमी लांब आणि प्लेट १० मिमी जाड असेल, तर ताठ लांबी ६० + १० + १० = ८० मिमी. मग प्लेट कापताना ती २०० मिमीची घेतली असली, तरी ८० च.

पहिली पायरी: टोक की मधला भाग

बेअरिंगच्या कडेपासून बीमच्या टोकापर्यंतचं अंतर सपाट उंचीच्या १.५ पट किंवा त्याहून जास्त असेल, तर ती मधली जागा. कमी असेल, तर टोकाची. टोकाला भार एकाच बाजूला पसरतो आणि वेबला एका बाजूचा आधार नसतो, म्हणून आकडे खाली येतात. आधारावरची प्रतिक्रिया जवळजवळ नेहमी टोकाच्या नियमात बसते. तीही तपासायची आहे हे विसरू नका. वरचा भार डोळ्यांसमोर असतो, खालची टेकणी कोणी बघत नाही.

दुसरी पायरी: बेअरिंग यील्ड

कोपऱ्यातून भार १ : २.५ या उताराने पसरतो. पसरलेली लांबी अशी:

मधल्या जागी = ताठ लांबी + ५ × बाह्य त्रिज्या
टोकाला = ताठ लांबी + २.५ × बाह्य त्रिज्या

यानंतर दोन गुणोत्तरं काढा:

के-एस = (२ × बाह्य त्रिज्या ÷ जाडी) − १
के-व्ही = सपाट उंची ÷ जाडी

के-एस म्हणजे दुसरं काही नाही, वर काढलेल्या उत्केंद्रतेची दुप्पट भागिले जाडी. आपल्या सेक्शनमध्ये ते २ × १० ÷ ५ = ४ येतं. आता कमी करणारा गुणक, आल्फा-पी:

मधल्या जागी आधी आल्फा-पीएम = (१ ÷ के-एस) + (०.५ ÷ के-व्ही). मग १ मधून आल्फा-पीएमचा वर्ग वजा करा, त्याला ‘म’ म्हणू.

आल्फा-पी = (०.५ ÷ के-एस) × [१ + म × (१ + के-एस ÷ के-व्ही − ०.२५ × म ÷ के-व्हीचा वर्ग)]

टोकाला: आल्फा-पी = (२ + के-एसचा वर्ग) याचं वर्गमूळ − के-एस

बेअरिंग यील्डची ताकद = २ × पसरलेली लांबी × जाडी × यील्ड ताण × आल्फा-पी

सुरुवातीचा २ दोन वेबसाठी आहे. डिझाइनसाठी उत्तराला ०.९ ने गुणायचं आणि ते गुणक लावलेल्या (सुरक्षेसाठी वाढवून धरलेल्या) भाराशी ताडायचं.

मधल्या जागेचं सूत्र लांबलचक दिसतं, पण उत्तराचा अंदाज तोंडी लावता येतो: १ ÷ के-एस. आपल्या सेक्शनला तो ०.२५ येतो. संगणकातून आलेला आकडा या अंदाजापासून फार दूर असेल, तर कुठेतरी त्रिज्या आणि व्यास यांची अदलाबदल झालेली असते.

तिसरी पायरी: वेब बकलिंग

बकलिंग म्हणजे दाबाखाली भिंत बाजूला वाकून निकामी होणं. त्यासाठी वेबचा एक पट्टा दाबाखालच्या खांबासारखा धरायचा. इथे भार सपाट उंचीच्या मध्यापर्यंत ४५ अंशांनी आणखी पसरतो:

मधल्या जागी पट्ट्याची रुंदी = ताठ लांबी + ५ × बाह्य त्रिज्या + सपाट उंची
टोकाला = ताठ लांबी + २.५ × बाह्य त्रिज्या + सपाट उंचीचा अर्धा

सडपातळपणा मधल्या जागी ३.५ × के-व्ही, टोकाला ३.८ × के-व्ही. त्याला (यील्ड ताण ÷ २५०) याच्या वर्गमूळाने गुणा आणि एएस ४१०० मधल्या खांबाच्या वक्रातून, आल्फा-बी (कोणता वक्र ते ठरवणारा आकडा) ०.५ धरून, दाबाचा गुणक आल्फा-सी काढा. ताकद = २ × पट्ट्याची रुंदी × जाडी × यील्ड ताण × आल्फा-सी, आणि पुन्हा ०.९.

यील्ड आणि बकलिंग यांतलं जे कमी, ती भिंतीची ताकद.

आकड्यांत उतरवलेलं उदाहरण

सेक्शन १५० × १०० × ५ मिमी, उभी उंची १५०, बाह्य त्रिज्या १२.५ मिमी, यील्ड ताण ३५० मेगापास्कल. दोन्ही टोकांना साधा आधार, स्पॅन १.२ मीटर, मध्यावर गुणक लावलेला भार ७० किलोन्यूटन. भार ६० × ६० मिमीच्या पायातून, १० मिमी जाडीच्या प्लेटवर.

सपाट उंची १५० − २५ = १२५ मिमी. के-एस ४, के-व्ही २५. आल्फा-पीएम ०.२५ + ०.०२ = ०.२७, म्हणून म = ०.९२७. आल्फा-पी येतं ०.२५९.

ताठ लांबी ८०, पसरलेली लांबी ८० + ६२.५ = १४२.५ मिमी.
यील्डची ताकद = २ × १४२.५ × ५ × ३५० × ०.२५९४ = १२९.४ किलोन्यूटन, ०.९ ने गुणून ११६ किलोन्यूटन.

बकलिंगसाठी पट्टा ८० + ६२.५ + १२५ = २६७.५ मिमी. सडपातळपणा ३.५ × २५ = ८७.५, सुधारित १०३.५, आल्फा-सी ०.४६५. ताकद ०.९ सह ३९२ किलोन्यूटन. यील्ड कितीतरी आधी येतं.

आय-सेक्शनची सवय ठेवून आल्फा-पी सोडून दिलं असतं, तर यील्डचं उत्तर ४४९ किलोन्यूटन आलं असतं. मग किमान म्हणून बकलिंगचे ३९२ घेतले जातात, आणि ११६ ची भिंत ३९२ ची समजून बीम उभा राहतो.

बकलिंग आधी येईल अशी भीती सहसा उंच, पातळ सेक्शनबद्दल असते. तेही पाहू: २५० × १५० × ५, त्रिज्या आणि ताठ लांबी तीच. मधल्या जागी यील्ड ११३, बकलिंग २२० किलोन्यूटन. सपाट भागाची उंची जाडीच्या ४५ पट असूनही कोपराच आधी हरतो. टोकाला मात्र आकडे जवळ येतात: ८५ विरुद्ध ११६. याहून सडपातळ भिंत असेल, तर टोकाचं बकलिंग काळजीने बघावं.

चौथी पायरी: बेंडिंगसोबत

इथे बरेच हिशेब अर्धवट थांबतात. ७० हे ११६ पेक्षा कमी आहे, म्हणून काम झालं असं वाटतं. पण भार आहे तिथेच मोमेंटही सर्वाधिक आहे, आणि वरचा फ्लँज दाबाखाली आहे. एएस ४१०० मध्ये दोन अटी आहेत.

ताठ लांबी सेक्शनच्या रुंदीएवढी किंवा जास्त असेल, आणि दोन फ्लँजमधली मोकळी उंची भागिले जाडी ३० किंवा कमी असेल, तर:

१.२ × (भार ÷ भिंतीची ताकद) + (मोमेंट ÷ बेंडिंगची ताकद) ≤ १.५

इतर सर्व वेळी:

०.८ × (भार ÷ भिंतीची ताकद) + (मोमेंट ÷ बेंडिंगची ताकद) ≤ १.०

आपला मोमेंट ७० × १.२ ÷ ४ = २१ किलोन्यूटन-मीटर. कोपऱ्यांची वजावट करून प्लॅस्टिक मॉड्युलस (सेक्शनच्या आकारावरून येणारं बेंडिंगच्या ताकदीचं माप) सुमारे १,१५,००० घनमिमी येतो, बेंडिंगची डिझाइन ताकद सुमारे ३६ किलोन्यूटन-मीटर. ताठ लांबी ८०, रुंदी १००, म्हणून दुसरी अट लागू: ०.८ × ७० ÷ ११६ + २१ ÷ ३६.३ = ०.४८ + ०.५८ = १.०६. नापास.

आता बीम न बदलता फक्त प्लेट १० ऐवजी २० मिमी जाड आणि किमान १०० मिमी लांब घ्या. ताठ लांबी ६० + ४० = १०० मिमी झाली. यील्डची ताकद १३३ किलोन्यूटनवर गेली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ताठ लांबी आता रुंदीएवढी आहे आणि १४० ÷ ५ = २८, म्हणून पहिली अट वापरता येते: १.२ × ७० ÷ १३३ + ०.५८ = १.२१, मर्यादा १.५. पास, आणि तेही आरामात. कागदावर बीमचा आकार वाढवण्याआधी प्लेटचा विचार करा असं आग्रहाने सांगावंसं वाटतं, ते यासाठीच.

आधाराच्या टोकाला ३५ किलोन्यूटन प्रतिक्रिया आहे. तिथे ताठ लांबी ४० मिमी जरी मिळाली, तरी आल्फा-पी ०.२४३ धरून ताकद ५४ किलोन्यूटन येते. पुरेसं आहे.

प्लेट आडव्या दिशेनेही तपासा

वरचा सगळा हिशेब भार दोन्ही वेबपर्यंत पोचतो असं धरून आहे. ६० मिमीचा पाय १०० मिमी रुंद फ्लँजच्या मध्यावर उभा आहे. त्याचा भार कडांपर्यंत नेण्याचं काम प्लेटने करायचं, फ्लँजने नाही. प्लेट सेक्शनच्या पूर्ण रुंदीची हवी आणि आडवी वाकता कामा नये. वेबच्या मध्यरेषा ९५ मिमी अंतरावर धरून प्लेटमधला मोमेंट ३५ × (४७.५ − १५) = सुमारे १,१४० किलोन्यूटन-मिमी. १०० मिमी लांब, २० मिमी जाड, २५० मेगापास्कलची प्लेट २,२५० घेते. १० मिमीची प्लेट तेवढ्याच लांबीला ५६० घेते. म्हणजे पहिली प्लेट या तपासणीतही नापास झाली असती.

प्लेट पूर्ण रुंदीची नसेल, किंवा भार फ्लँजच्या मधोमध उभ्या गसेटने (जोडाच्या उभ्या प्लेटने) येत असेल, तर वरची सूत्रं बाजूला ठेवा. तिथे वेब नाही, फ्लँजची पातळ पाटी वाकते. अमेरिकन एआयएससी ३६० (२०१०) मधलं लांबीच्या दिशेतल्या प्लेटचं सूत्र असं: यील्ड ताण × जाडीचा वर्ग ÷ (१ − गसेटची जाडी ÷ रुंदी), आणि हे गुणिले [२ × गसेटची लांबी ÷ रुंदी + ४ × (१ − गसेटची जाडी ÷ रुंदी) याचं वर्गमूळ × क्यू-एफ]. क्यू-एफ हा फ्लँजमधल्या ताणाचा गुणक. फ्लँज दाबाखाली असेल, तर तो १ मधून वापराच्या गुणोत्तराचा (फ्लँजची किती ताकद आधीच वापरली गेली आहे, त्याचा) वर्ग वजा करून काढलेलं वर्गमूळ असतो. आपल्या सेक्शनवर १०० मिमी लांब, १० मिमी जाड गसेट लावलं, तर क्यू-एफ १ धरूनही फक्त ५६ किलोन्यूटन मिळतात. ७० चा भार तिथे बसतच नाही.

फ्लँज मधोमध दबण्याची मर्यादा म्हणून पोकळ सेक्शनच्या जोडांमध्ये रुंदीच्या ३ टक्के विकृती हा नेहमीचा निकष आहे. १०० मिमी रुंदीला ३ मिमी. जुन्या बांधकामात सरळ पट्टी ठेवून हा खड्डा मोजता येतो.

एक इशारा. अमेरिकन पद्धतीत पूर्ण रुंदीच्या जोडासाठी बाजूच्या भिंतीचं सूत्र आहे: २ × यील्ड ताण × जाडी × (५ × कोपऱ्याची त्रिज्या + बेअरिंग लांबी). त्यात आल्फा-पीसारखी वजावट नाही. ते सूत्र वेल्ड केलेल्या जोडांसाठी लिहिलेलं आहे. नुसत्या टेकवलेल्या प्लेटला ते लावू नका.

ताकद पुरत नसेल तर

सर्वांत स्वस्त उपाय वर आलाच: जाड, पूर्ण रुंदीची प्लेट. त्यानंतर जाडी वाढवणं. रुंदी-उंची तीच ठेवून भिंत एक पायरी जाड घेतली, तर फायदा जाडीच्या प्रमाणापेक्षा जास्त होतो. लहान त्रिज्येचा सेक्शन मिळत असेल, तर तोही विचारात घ्या: आपल्याच मापात त्रिज्या १२.५ ऐवजी १० मिमी असती, तर ८० मिमी ताठ लांबीला ११६ ऐवजी १३५ किलोन्यूटन मिळाले असते.

टोकाला कॅप प्लेट पूर्ण परिघावर वेल्ड केली, की वेब बाहेर झुकायला अटकाव होतो. मधल्या जागी दोन्ही वेबवर बाहेरून प्लेटा लावता येतात. त्या वरच्या बेअरिंग प्लेटपर्यंत नेऊन तिला वेल्ड करा, म्हणजे भार कोपऱ्याला वळसा घालून थेट त्यांच्यात उतरतो. कोपऱ्याच्या खाली थांबलेली बाजूची प्लेट दिसायला भक्कम असते, पण जिथे हिंज होतो तो भाग उघडाच राहतो.

टेकणीच्या भागात काँक्रीट भरणं खूप परिणामकारक आहे, कारण वेबला आतल्या बाजूने आधार मिळतो आणि दाबाचा मोठा वाटा काँक्रीट घेतं. मात्र बंद पोकळीत ओलं काँक्रीट आगीत वाफ तयार करतं, म्हणून भरलेल्या भागाच्या दोन्ही टोकांजवळ वाफ निघायला भोकं ठेवावी लागतात. कॅप प्लेट लावून बीम गरम गॅल्व्हनायझिंगला जाणार असेल, तरी भोकं हवीतच. बंद पाइप जस्ताच्या कढईत फुटू शकतो.

आरपार बोल्टची गोष्टही याच कुटुंबातली. पोकळ सेक्शनमधून लांब बोल्ट घालून नट पूर्ण ताणाने आवळला, की भिंती आत ओढल्या जातात, आणि त्या वाकत असल्याने बोल्टमधला ताण टिकतही नाही. आत दोन भिंतींच्या मधल्या अंतराएवढी नळी स्लीव्ह म्हणून घाला आणि बोल्ट तिच्यातून न्या. स्लीव्ह २ मिमी आखूड कापली, तर ती असून नसल्यासारखी, म्हणून कापण्याआधी आतलं अंतर प्रत्यक्ष मोजून घ्या.